फळीवरचे मातीचे घोडे

त्या वर्षी वैशाखापासून दसरा उलटून जाईपर्यंत आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर मातीचे दोन घोडे उभे होते. वापरात नसलेली वस्तू मी घरात ठेवत नाही. पण ते घोडे पत्नीचे होते आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही, असे तिने सांगून ठेवले होते.

घोड्यांचा खुलासा करायला हवा. उज्जैनला दर वर्षी पंचक्रोशी यात्रा निघते. इथल्या लोकांचा तेव्हा वैशाख वदी असतो, आमच्या पंचांगात चैत्र वद्य. या एका महिन्याच्या फरकाची आमच्या घरात सवय झालेली आहे. लग्नकार्य आमच्या पंचांगाने, यात्रा त्यांच्या. माळव्यातल्या गावोगावची माणसे येतात आणि पाच दिवस शहराभोवती उन्हातून चालतात. निघताना पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून बळ मागून घ्यायचे. चालून आल्यावर त्याला मातीचे घोडे वाहून ते बळ परत करायचे. घेतलेले बळ घरी न्यायचे नसते. माझा यावर विश्वास नाही. पत्नीचा आहे. आम्ही राहतो त्या फ्रीगंज वस्तीतल्या मराठी घरांतून या यात्रेला फारसे कोणी जात नाही. ती जात असे, शेजारच्या बायकांबरोबर, डोक्यावर गाठोडे घेऊन, त्यांच्यातलीच एक होऊन.

मी जिल्हा न्यायालयात पेशकार होतो. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसून कागद पुढे करायचे, तारखा द्यायच्या आणि दोन्ही बाजू ऐकायच्या. निकाल देणे माझे काम नव्हते आणि मला त्याची खंतही नव्हती. माझ्या मते दोन्ही बाजू नीट ऐकून घेतलेल्या माणसाला निकाल देणे अवघड जाते.

पत्नीचे गुडघे साठी ओलांडल्यावर दुखू लागले. जिना उतरताना ती कठड्याला धरून एकेक पायरी आडव्या पावलाने उतरत असे. दोन वर्षे तिची यात्रा चुकली. तिसऱ्या वर्षी थंडीत यात्रेतल्या एका मैत्रिणीने तिला गुडघ्यांवरची पुडी आणून दिली. आठवड्याच्या बाजारात एक माणूस बसे, त्याच्याकडची. राखाडी रंगाची पूड, सकाळी कोमट पाण्याबरोबर घ्यायची. जडीबुटी आहे, असे सांगितले होते. पुड्या स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीशेजारी उघड्यावर असत. तिने त्या माझ्यापासून लपवल्या नाहीत, मीही काही विचारले नाही. गुण मात्र आला. काही दिवसांत ती जिना सरळ उतरू लागली. चेहरा भरला, गाल गोल झाले. टावर चौकात भेटणारे ओळखीचे लोक म्हणू लागले की वहिनींची तब्येत छान सुधारली. त्या वर्षी ती यात्रा करून आली, घोडे वाहिले, आणि पुडी पुढे चालूच ठेवली.

पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. शेवटचा मुक्काम उंडासा तलावाशी असतो. तिथून तिला मैत्रिणींनी ऑटोत बसवून घरी आणले. अंगात ताप होता. घोडे तिने वाटेतच घेतले होते; ते पदरात गुंडाळलेले होते. मंदिरात जाण्याची ताकद तिच्यात नव्हती. तिने ते फळीवर ठेवले आणि आडवी झाली. त्या दिवशी अमावास्या होती.

आम्ही समजलो, ऊन लागले. पण ताप रोज दुपार ढळली की चढू लागला. कोरडा खोकला सुरू झाला. मानेच्या डाव्या बाजूला एक गाठ आली, सुपारीएवढी. गाल गोलच राहिले, पण हातपाय वाळत गेले. कांदा चिरताना मनगटाला विळीचा पाट लागला तरी तिथे काळानिळा डाग उमटे. मुलगी इंदूरला असते. ती आली, तिने आईचा हात उलटसुलट करून पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर इथलेच, माळवी माणूस, सावकाश बोलणारे. गाठीतून सुईने पाणी काढून तपासायला पाठवले. रक्तातली साखर पाहिली, छातीचा फोटो काढला. मग विचारले, कोणती औषधे चालू आहेत. पत्नी म्हणाली, काहीच नाही. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या हिशेबी डॉक्टरने दिलेले ते औषध. बाजारातून आलेली पूड ही हळदीसारखी घरातली वस्तू. डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"अम्मा, घुटनों के लिए क्या लेती हो?"

"वो तो पुड़िया है," पत्नी म्हणाली. "दवा थोड़ी है."

डॉक्टरांनी पुडी मागवलीही नाही. चेहऱ्याचा गोलवा, कातडीवरचे डाग, नव्याने वाढलेली साखर, एवढ्यावरून त्यांनी सांगितले की त्या पुडीत स्टेरॉइड आहे आणि बाई ते वर्षाहून अधिक काळ खात आहेत. तपासणीचा निष्कर्ष नंतर आला. क्षय. मानेच्या गाठीत, आणि छातीत श्वासनलिकेलगतच्या गाठींत.

मुलीने विचारले की आईला हा आजार कुठून लागला. घरात कोणाला नाही. माझ्या छातीचा फोटो काढला होता, तो स्वच्छ होता. डॉक्टरांनी उलट पत्नीला विचारले की लहानपणी घरात कोणाला होता का.

तिचे माहेर धारचे. वडील, ती त्यांना दादा म्हणे, शाळेत शिक्षक. त्यांना क्षय झाला होता. पुढच्या खोलीत त्यांची खाट असे, खाटेखाली थुंकायला राख घातलेले तस्त. त्यांना वाचनाचे वेड आणि डोळे थकलेले, म्हणून शाळेतून आल्यावर ती खाटेच्या कडेला बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. ते गेले तेव्हा ती परकरी वयाची होती. तिला स्वतःला काही झाले नाही. खोकलासुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, तेव्हाच झाले. आम्हाला ते पटेना, कारण मध्ये अर्धशतकाहून अधिक काळ गेला होता. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. ते मी माझ्या शब्दांत लिहितो.

हा जंतू श्वासावाटे फुफ्फुसात शिरतो. शरीराच्या पहाऱ्यावरच्या पेशी त्याला गिळतात. इतर जंतू गिळले की मरतात. हा मरत नाही. ज्या पेशीने गिळले तिच्याच पोटात राहतो. मग शरीर आणखी पेशी पाठवते. त्या भोवती दाटीने उभ्या राहतात, एकीला एक चिकटून, आणि एक बारीकशी गाठ तयार होते. आत जंतू अडकून पडतो, उपाशी, सुस्त. शरीर त्याला मारू शकत नाही आणि तो सुटू शकत नाही. अशा माणसाला ताप नसतो, खोकला नसतो, त्याच्यापासून दुसऱ्याला धोका नसतो. बहुतेक जण असेच म्हातारे होऊन दुसऱ्या कशाने तरी मरतात आणि त्यांना हे कधी कळतही नाही. अट एकच. पहारा उठता कामा नये. वयाने तो ढिला पडतो, साखरेने पडतो, उपासमारीने पडतो. आणि स्टेरॉइडने तो उठतोच. गुडघ्यांची सूज ज्यामुळे उतरली त्यामुळेच पेशींचे कडे मोडले.

मला न्यायालयातले कच्चे कैदी आठवले, ज्यांच्या खटल्याला तारखेवर तारीख पडत जाते. सुटका नाही, शिक्षा नाही. फाईल तशीच राहते आणि शिपाई रोज तुरुंगाच्या दाराशी उभा असतो.

परतताना ऑटोत, घराच्या वळणावर पत्नी म्हणाली, "एवढी वर्षं दादांचं दुखणं माझ्यापाशी होतं म्हणायचं." तिच्या आवाजात भीती नव्हती. वडिलांची एखादी वस्तू जुन्या ट्रंकेत निघावी, तसे ती म्हणाली.

औषधे सरकारी दवाखान्यातून मिळाली. रोज सकाळी अनशापोटी गोळ्या. पुडी एकदम बंद करायची नव्हती. तसे केले तर शरीर कोसळते, असे डॉक्टरांनी बजावले. पुडीच्या जागी त्यांनी मोजक्या गोळ्या दिल्या आणि त्या पायरीपायरीने उतरवत नेल्या. श्रावणापर्यंत ताप गेला. भूक आली. गालांचा गोलवा ओसरला आणि तिचा पूर्वीचा, हाडे दिसणारा चेहरा परत आला. मानेवरची गाठ बोराएवढी झाली. मुलगी निर्धास्त होऊन इंदूरला गेली. गुडघे पुन्हा दुखू लागले, पण त्याची तक्रार करण्याची पत्नीला आता लाज वाटत असे.

मग गणपती उठले आणि सगळे उलटले. शेवटची स्टेरॉइडची गोळी संपून काही आठवडे झाले होते. मानेवरची गाठ पुन्हा वाढली, आधीपेक्षा मोठी. तिच्या खाली दुसरी आली. ताप परतला. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येऊ लागला. बसलेली असताना कमी, आडवी झाली की जास्त. ती उशांना टेकून बसून राहू लागली. गोळ्या ती एकही दिवस चुकली नव्हती. मी समोर उभा राहून देत होतो.

मुलगी आली ती भांडायच्या तयारीने आली.

"बाबा, हे औषध आईला मानवत नाहीये. आजार होता त्याहून जास्त झालाय. बंद करा, मी तिला इंदूरला नेते."

मी म्हणालो की आधी डॉक्टरांना विचारू.

"तुम्ही फक्त विचारत राहा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा गाठीत सुई घातली, पुन्हा फोटो काढला. औषधाला न जुमानणारा जंतू आहे का, हे पाहायला नमुना पाठवला. उत्तर येईपर्यंतचे दिवस कठीण गेले. उत्तर आले ते असे की गाठीत जिवंत जंतू वाढत नाही. आहेत ते मेलेल्या जंतूंचे अवशेष.

"तो फिर ये सूजन किसकी है?" मुलीने विचारले.

"इनकी खुद की," डॉक्टर म्हणाले. "कीटाणु तो हार गया. अब इनका अपना शरीर लड़ रहा है, और उसे कोई बताने वाला नहीं कि लड़ाई खत्म हो गई."

बाकीचे त्यांनी शांतपणे सांगितले. पुडीने उठवलेला पहारा आता परत आला होता. तो आला तेव्हा गाठी जंतूंच्या अवशेषांनी भरलेल्या होत्या, आणि तो त्या अवशेषांवर सगळ्या जोराने तुटून पडला होता. क्षयात फुफ्फुसाला जी भोके पडतात, जे व्रण राहतात, त्यांतले बरेचसे जंतूमुळे होत नाहीत. आपल्याच बचावामुळे होतात. हा बचाव कमी पडला तर जंतू मारतो, आणि बेताल झाला तर तो स्वतःच मारतो. तब्येत बिघडली म्हणून अशा वेळी लोक औषध सोडतात, आणि तीच खरी चूक. मानेवरच्या गाठीची त्यांना काळजी नव्हती. छातीतल्या गाठी सुजून श्वासनलिकेवर दाब देत होत्या. तो दाब वाढला तर श्वास कोंडेल. क्षयाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि सूज उतरवायला आणखी एक औषध जोडायचे.

कोणते, ते मी विचारले.

त्यांनी सांगितले. स्टेरॉइड. पुडीत होते तेच.

मग पत्नी उठली, पदर सावरला आणि मराठीत म्हणाली, "चला घरी."

घरी तिने साफ सांगितले की क्षयाच्या गोळ्या घेईन, ती गोळी घेणार नाही. ज्याने घरात चोर घेतला त्याच्याच हातात पुन्हा किल्ली देणार नाही. मुलीने समजावले, मग रागावली, मग डोळे पुसले. पत्नीचे उत्तर बदलले नाही. श्वासाची शिट्टी मात्र पलीकडच्या खोलीत ऐकू येत होती.

मी दोन्ही बाजू ऐकल्या. पत्नीचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच औषधाने तिला इथवर आणले होते. डॉक्टरांचे म्हणणेही खोटे नव्हते. आधी त्या औषधाने पहारा उठवला तेव्हा आत जंतू जिवंत होता आणि त्याला मारणारे दुसरे काही नव्हते. आता मारणाऱ्या गोळ्या रोज पोटात जात होत्या. औषध एकच; मागची परिस्थिती वेगळी. एकाच कलमाखालचे दोन खटले वेगळे निघतात, हे मी अनेकदा पाहिले होते. पण ते निकालपत्रात लिहिणारा नेहमी दुसरा असे.

तिसऱ्या प्रहरी मी तिच्या खोलीत गेलो. ती उशांना टेकून बसली होती. मला पाहून ती म्हणाली, "काय पेशकारसाहेब, पुढची तारीख द्यायला आलात?"

"नाही," मी म्हणालो. "गोळी घ्यायची आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण मी तिला अशा शब्दांत काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

"हा तुमचा निकाल?"

"हो."

एक वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावे लागत होते. ती म्हणाली की मला माहीत आहे तुम्ही हसाल. पण मी देवाकडून बळ मागून घेतले आणि परत केले नाही. पुडीच्या जोरावर चालले, वर देवाचेही घरी घेऊन आले. ते अजून फळीवर उभे आहे. दुसऱ्याचे बळ अंगात ठेवून आणखी एक उसने बळ मी पोटात घालणार नाही.

मी हसलो नाही.

"आधी ते घोडे देऊन या," ती म्हणाली. "मग गोळी आणा. मी घेते."

मी घोडे वर्तमानपत्रात गुंडाळले, पिशवीत घातले आणि ऑटो केला. मुलगी दारात उभी होती. तिने विचारले की बाबा, या अशा वेळी तुम्ही मंदिरात चाललात? मी सांगितले की तिथूनच औषधाच्या दुकानातही जायचे आहे.

पटनी बाजारात यात्रेच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्यानंतरच्या त्या दुपारी मंदिर रिकामे होते. पुजारी पायरीवर बसून फोनवर कोणाशी तरी बोलत होता. पिशवीतून घोडे निघालेले पाहून त्याने फोन खाली घेतला.

"अभी? यात्रा तो बैसाख में हो गई."

मी म्हणालो की उशीर झाला आहे. त्याने विचारले की यात्रा तुम्ही केली होती का. मी म्हणालो, पत्नीने. ती आजारी आहे, येऊ शकत नाही. घेणारा एक आणि परत करणारा दुसरा, हे चालते का, असे मीच त्याला विचारले. नियम माहीत करून घेणे ही माझी जुनी सवय.

"घर तो एक ही है ना, बाबूजी," तो म्हणाला. "रख दो."

मी घोडे ठेवले. एकाचा कान प्रवासात उडाला होता. हात जोडले की नाही ते आठवत नाही. बाहेर येऊन डॉक्टरांनी लिहिलेली गोळी घेतली.

पत्नी तशीच बसलेली होती. मी पाण्याचे भांडे आणि गोळी पुढे केली. तिने आधी विचारले, "ठेवलेत?"

"ठेवले."

"पुजारी काय म्हणाला?"

"घर एकच आहे, म्हणाला."

तिने गोळी तोंडात टाकली आणि भांडे रिकामे करून माझ्या हातात दिले.

शिट्टी काही दिवसांत कमी झाली. दिवाळीला ती आडवी होऊन झोपली. डॉक्टरांनी त्या गोळ्या पुन्हा पायरीपायरीने उतरवल्या, या वेळी फार सावकाश. थंडी संपेपर्यंत क्षयाच्या गोळ्याही संपल्या. मानेवर एक आवळलेला व्रण राहिला आहे, छातीच्या फोटोत एक पांढरी रेघ. मी डॉक्टरांना विचारले की आता जंतू सगळा गेला का. ते म्हणाले की रोग गेला, हे मी खात्रीने सांगतो. एखादा कुठे उरला असेल तर त्याच्यासाठी यांचा पहारा आहे. पुडी मात्र घरात येऊ देऊ नका. पत्नीने हे ऐकले आणि मान हलवली. वडिलांच्या दुखण्यातले काही अजून आपल्यापाशी असेल, हे तिला मनातून फारसे नकोसे वाटत नसावे, असा माझा अंदाज आहे. मी तिला विचारलेले नाही.

यंदा वैशाखात यात्रेकरू आमच्या रस्त्यावरून गेले. ती गॅलरीत उभी राहून पाहत होती. मैत्रिणींनी खालून हाका मारल्या. तिने वरूनच गुडघ्यांकडे बोट दाखवले आणि नाही म्हणून हात हलवला.

गुडघे दुखतात. त्यांना आता शेक आणि सकाळचे व्यायाम एवढेच मिळते. ती जिना पुन्हा कठड्याला धरून आडव्या पावलाने उतरते आणि प्रत्येक पायरीला कण्हते. मी खालच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असतो. शेवटची पायरी येईपर्यंत मी पान उलटत नाही.